शिवणकाकूंची सकाळची गाडी

शहरातून गावात येणारी बस शिवणकाकूंच्या खिडकीसमोर येऊन वळायची, कारण रस्ता तिथंच संपत होता. पुढे शेतं, आणि शेतांच्या पुढे कुणाला काही काम नव्हतं. काकूंची पायमशीन त्याच खिडकीला लावलेली होती. त्या म्हणायच्या, उजेडासाठी. गावातले लोक म्हणायचे, बसवर पाळत ठेवण्यासाठी. दोन्ही खरं होतं.

भल्या सकाळी, नीट उजाडलेलंही नसताना, बस यायची. काकू सुईत दोरा ओवत बाहेर बघत असायच्या. बसचं दार उघडायचं, त्यांचा मुलगा डबा सांभाळत आत चढायचा, कंडक्टर दाराबाहेर मान काढून रिकाम्या रस्त्याकडे एकदा बघून घ्यायचा आणि घंटी वाजवायचा. एवढी मोठी गाडी, आणि तिच्यात एक माणूस. क्वचित कधीतरी दवाखान्यात निघालेलं कुणी असायचं. काकूंचं डोकं तिथून जे तापायचं ते दुपारपर्यंत उतरायचं नाही.

कारण गावाला शहरात जायचं नसायचं असं नव्हतं. बस गेल्यावर बऱ्याच वेळानं, ऊन वर आल्यावर, दुधाची गाडी यायची. ती चालवायचे काकूंचे धाकटे दीर. फाट्यापलीकडच्या वस्त्यांवरचं दूध आधी गोळा करून ते शेवटी गावात यायचे आणि इथून शहराकडे निघायचे. त्या गाडीत कॅनच्या मधल्या फटीत, कॅनच्या झाकणावर, मागच्या फळीला लोंबकळत अख्खं गाव जायचं. दुकानदार जायचा, मास्तर सुट्टीच्या दिवशी जायचे, गुडघे दुखतात म्हणून रडणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा कॅनवर चढून बसायच्या. शहरात उतरल्यावर सगळ्यांच्या कपड्यांना आंबूस वास यायचा. पण बसमध्ये बसतील तर शपथ.

"भाऊजी, तुम्ही माणसं नेऊ नका हो," काकू दिराला म्हणायच्या. "दूध न्या. दुधाला बसची तक्रार नाही."

"मी कुणाला बोलावतो का वहिनी? मी कॅन चढवायला खाली उतरतो. परत बघतो तर मागे सभा भरलेली."

"मग उतरवा."

"तुमच्या मोठ्या जाऊबाई पण असतात त्यात. त्यांना तुम्ही उतरवा. मला अजून जगायचंय."

गाव आधीच लहान, आणि वर्षागणिक आणखी आक्रसत चाललं होतं. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा कपडे शिवायला घरात रांग लागायची. आता मास्तरांचे शर्ट सोडले तर नवे कपडे शिवून घेणारं कुणी उरलं नव्हतं. जुने सैल करा, आखूड करा, चेन बसवून द्या, एवढंच. संध्याकाळी खिडकीतून पाहिलं तर दिवे लागलेल्या घरांपेक्षा न लागलेली जास्त. प्रत्येक बंद घराची गोष्ट एकच होती: पोरगा शहरात, जाण्यायेण्याचे हाल, मग सगळेच तिकडे. माणसं गेली म्हणून बसवाले म्हणायचे गाडी परवडत नाही. गाडी नीट नाही म्हणून उरलेली माणसं म्हणायची आता इथं राहवत नाही. यात कुणाला धरून झोडपावं हेच काकूंना कळत नसे, म्हणून त्या समोर येईल त्याला झोडपायच्या.

अशातच एका सकाळी कंडक्टर बसमधून उतरून थेट खिडकीशी आला.

"काकू, तुम्हाला म्हणून सांगतो. ही फेरी बंद करायची पुन्हा चाललीय. या वेळी अर्जांवर भागणार नाही. फाट्यापर्यंतच येणार गाडी. गुरुवारी मोठ्या ऑफिसातून साहेब बघायला येणार आहेत."

"काय बघायला?"

"माणसं."

काकूंनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. फाटा म्हणजे डोंगराच्या कडेकडेनं केवढी तरी वाट. आणि मुलगा खोक्यांच्या कारखान्यात कामाला. तिथं सकाळचा भोंगा झाला की फाटक बंद, मग मंत्री आला तरी उघडत नाही. फाट्यापर्यंत चालत जाऊन पुढची गाडी पकडायची तर पोरानं झोपायचंच कधी?

त्या संध्याकाळी जेवताना मुलानंच विषय काढला. त्यालाही कंडक्टरनं सांगितलं होतं.

"आई, गाडी बंद झाली तर खोली घ्यावी लागेल शहरात. एक जण देतोय. कारखान्यामागेच."

"खोली घ्यावी लागेल म्हणजे? तू राहणार का सगळे?"

मुलगा ताटात बघत राहिला. सुनेनं पोरीच्या ताटात उगाचच आणखी भात वाढला. पोरगी म्हणाली, "मला नको एवढा." कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

"मी बघते गुरुवारचं," काकू म्हणाल्या.

आणि त्यांनी पाहिलं. शिवणाचं सगळं काम बाजूला ठेवून, गळ्यात टेप तशीच, त्या घरोघर फिरल्या. गुरुवारी सकाळी प्रत्येकानं बसमध्ये बसायचं. काम असो नसो. दुकानदार म्हणाला, "काकू, पहाटे दुकान कोण उघडणार?" काकू म्हणाल्या, "तुझ्या दुकानात पहाटे येतं कोण? मांजर?" मास्तर म्हणाले, "शाळेचं कसं करायचं?" काकू म्हणाल्या, "शाळेत तुमच्यासमोर बसतात ती पोरं मी एका चादरीत गुंडाळून आणू शकेन. आणा त्यांना पण. शहर बघतील." मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, त्या वेळी माझी म्हैस कोण पिळणार? काकू म्हणाल्या, "एक दिवस रेडकाला पिऊ दे. दुवा देईल."

एक गोष्ट मात्र त्यांच्या लक्षात राहिली. ज्याला विचारावं तो आधी काहीतरी बोलायला तोंड उघडायचा, मग त्यांच्याकडे बघून मिटायचा आणि म्हणायचा, "बरं, येतो." काकूंना वाटलं, आपल्याला घाबरतात. त्यांना त्यात थोडं समाधानही वाटलं.

गुरुवारी बस आली आणि कंडक्टरनं डोळे चोळले. अंधुक उजेडात अख्खं गाव रस्त्यावर उभं होतं, जांभया देत. काकूंनी दाराशी उभं राहून एकेकाला आत ढकललं. बाकं भरली, मधली वाट भरली, मास्तरांची शाळा ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनच्या पेटीवर बसली. कंडक्टर तिकिटं फाडत मागे कुठेतरी गडप झाला. काकू स्वतः शेवटी, पायरीवर उभ्या राहिल्या. आता येऊ दे साहेब, असं त्यांच्या मनात आलं. शहरातल्या स्टँडवर तो उभा असेल आणि गाडीतून ही जत्रा उतरेल.

गाडी फाट्याला पोचली तेव्हा रस्त्याच्या कडेला एक माणूस उभा होता. अंगात साधा शर्ट, खांद्याला पिशवी. त्यानं हात केला. ड्रायव्हरनं वेग कमी केला.

काकूंच्या मागून दुकानदार ओरडला, "आता मुंगी शिरणार नाही हं काकू!"

"जागा नाही!" काकूंनी त्या माणसाला खडसावून सांगितलं. "बघताय ना, गाडी भरलीय! दुसरं काहीतरी बघा."

"अहो, एकटाच आहे मी. पायरीवर उभा राहीन."

"पायरीवर मी आहे."

मागून कुणीतरी घंटी वाजवली. गाडी निघाली. तो माणूस धुरात उभा राहिला. काकूंना फार बरं वाटलं. गावची गाडी इतकी भरली की माणसाला सोडून जावं लागलं, असं किती वर्षांत झालं नव्हतं.

शहरातल्या स्टँडवर साहेब नव्हता. सगळे उतरले. सगळ्यांनी इकडे तिकडे पाहिलं. काकूंचा मुलगा कारखान्याकडे पळाला. बाकीचे उभेच राहिले. तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं की परतीची बस संध्याकाळी आहे.

"आता काय करायचं?" मोठ्या जाऊबाई म्हणाल्या.

"बसायचं," काकू म्हणाल्या.

"कुठे?"

स्टँडवरच्या बाकांवर गाव बसलं. थोड्या वेळानं पोरांना भूक लागली. मग मोठ्यांना लागली. मास्तरांनी वेळ घालवायला पाढे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा आजूबाजूचे प्रवासी उठून लांब जाऊन बसले. जाऊबाईंना म्हशीची आठवण येऊन त्या दर थोड्या वेळानं सुस्कारा सोडत होत्या, आणि प्रत्येक सुस्काऱ्याबरोबर काकूंकडे बघत होत्या. दुपारी रिकामे कॅन खडखडवत दुधाची गाडी स्टँडबाहेर थांबली. एकमेकांकडे न बघता, हळूहळू, एकेक जण उठला.

"अरे, लाज वाटू द्या!" काकू ओरडल्या. "बस वाचवायला आलात आणि दुधाच्या गाडीनं परत जाताय?"

"बस वाचवली ना सकाळी," दुकानदार गाडीवर चढत म्हणाला. "आता दुकान वाचवतो."

दीर खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "वहिनी, या. पुढे जागा आहे. सकाळी एक शहरी माणूस बसला होता तिथं, फाट्यावर बिचारा उभा होता. गावात सोडलं त्याला."

"मी बसनं येणार," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पाठ फिरवली.

संध्याकाळपर्यंत त्या एकट्या स्टँडवर बसून होत्या, रागानं आणि भुकेनं. दिरानं सांगितलेल्या माणसाचा विचार त्यांच्या डोक्यात आला तो बस सुटल्यावर. आला आणि तिथंच ठाण मांडून बसला. गाडीत त्या, त्यांचा दमलेला मुलगा आणि कंडक्टर, एवढेच.

"काय रे," त्यांनी कंडक्टरला विचारलं, "तुमचे साहेब दिसतात कसे?"

"मी कुठं पाहिलेत? नवीन आहेत. साधे आहेत म्हणतात. ऑफिसच्या गाडीनं फिरत नाहीत, आपल्या लोकांसारखेच बसनं जातात."

काकूंनी कपाळावर हात मारला आणि घर येईपर्यंत तो तिथून काढला नाही.

बस गावात वळली तर दुकानाच्या ओट्यावर सगळं गाव बसलेलं, आणि मधे तो सकाळचा माणूस. पुढ्यात चहाचा कप. म्हणजे दुपारी सगळे त्याच्यासमोरच कॅनवरून उतरले असणार. काकू गाडीतून उतरल्या. मुलगा मागोमाग उतरला. चुकवायला जागाच नव्हती. रस्ता तिथंच संपत होता.

"या," साहेब म्हणाले. "आपली ओळख झालीय."

"मला काय माहीत तुम्ही ते," काकू म्हणाल्या. "पाटी लावून फिरावं माणसानं."

साहेब हसले नाहीत, पण रागावलेही नव्हते. दिवसभर बसून त्यांचा चेहरा गावातल्या लोकांसारखाच कंटाळलेला झाला होता.

"गाडी भरलेली होती हे मला कुणी पटवून द्यायला नको. पण ही माणसं दुपारी हात हलवत कॅनवरून उतरली. तेव्हा मी यांना विचारलं, की रोज का बसत नाही? दुपारपासून विचारतोय. सगळे नुसते चहा देतात."

ओट्यावर कुणी चप्पल बघत होतं, कुणी आभाळ.

"आळशी आहेत," काकू म्हणाल्या. "दारात गाडी येते तर दुधाच्या कॅनवर बसायचं. दुसरं काय?"

"आळशी नाही गं बाई," मोठ्या जाऊबाई शेवटी म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम चढला होता. "त्या वेळी धारा काढायच्या असतात. जनावर सोडून कोण जाईल? याचं दुकान, त्याचं पाणी भरणं, पोरांचं आवरणं. कोण मोकळं असतं त्या वेळेला? धारा झाल्यावर माणूस निघू शकतो. म्हणून दूधगाडीनं जातात."

"मग हे आजवर बोलला का नाहीत?" साहेबांनी विचारलं. "तुमचे एवढे अर्ज आले ऑफिसात, सगळ्यांत 'गाडी बंद करू नका'. 'वेळ बदला' असं एकातही नाही."

आता सगळे काकूंकडे बघायला लागले. दुकानदारानं घसा खाकरला.

"कसं म्हणणार साहेब? काकूंचा मुलगा जातो ना त्या गाडीनं. त्याला कारखान्यात नोकरी लागली तेव्हा काकूंनीच खेटे घालून वेळ अलीकडे आणून घेतली. काका नुकतेच गेले होते. आम्ही सगळे तेव्हा हो म्हणालो. आता एकाच्या पोटावर पाय देऊन..."

आणि तो चहाचे कप गोळा करायला लागला.

काकू उभ्याच राहिल्या. इतकी वर्षं ज्यांना त्या खिडकीतून ऐदी, कृतघ्न, म्हशींहून म्हशी म्हणत होत्या, ती सगळी माणसं तोंडात मिठाची गुळणी धरून कॅनवर बसत होती. त्यांच्यासाठी. त्यांना आधी लाज वाटली, आणि मग लाजेपेक्षा मोठा संताप आला.

"मूर्ख आहात तुम्ही," त्या म्हणाल्या. "एकदा बोलायचं तरी! मी काय खाल्लं असतं? आणि तुम्ही हो जाऊबाई, एका घरात नांदलो आपण, म्हैस म्हैस करता, एकदा तोंडानं सांगवलं नाही?"

"तू ऐकून घेणारी आहेस का?"

बसचं इंजिन सुरूच होतं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. साहेबांना याच गाडीनं परत जायचं होतं.

साहेब उठले. "मला एवढंच करता येईल. गाडी धारा झाल्यावर आणायची. मग ही सगळी माणसं रोज बसणार असतील, तर फेरी राहते. नाहीतर पुढच्या महिन्यापासून फाट्यावर. मला आजच कळवायला हवं. बसणार का?"

ओट्यावरचं एकही डोकं हललं नाही. सगळे काकूंकडे बघत होते. त्या नाही म्हणाल्या असत्या तर गावानं नाही म्हटलं असतं आणि जन्मभर कॅनवर बसलं असतं. काकूंनी मागे वळून मुलाकडे पाहिलं. तो डब्याच्या कडीशी चाळा करत होता. गाडी धारा झाल्यावर आली तर भोंगा चुकणार, म्हणजे त्याला ती नसल्यासारखीच. आणि फाट्यावर थांबली तरी तेच.

"माझ्याकडे काय बघताय? मी धारा काढते का?" काकू कडाडल्या. "बसणार, साहेब. नाही बसले तर मी बसवीन. करा तुमची वेळ." आणि घरात जाऊन त्यांनी दार इतक्या जोरात लावलं की खिडकीचं तावदान थरथरलं.

पुढच्या महिन्यात गाडी नव्या वेळेला यायला लागली आणि खरोखरच भरून जायला लागली. दीर म्हणाले, बरं झालं, कॅनची झाकणं वाकायची थांबली. आणि त्याच महिन्यात मुलानं खोली घेतली. सामान दिरांच्या गाडीत गेलं. सून म्हणाली, "आई, तुम्ही पण चला. मशीन ठेवायला जागा करू."

"त्या खोलीत मशीन ठेवली तर तुम्ही उभ्यानं झोपाल."

"मग मशीन इथं राहू दे."

"मशीन इथं आणि मी तिथं, मग मी करू काय? खोकी चिकटवू?"

मुलगा म्हणाला, "आई, तू नाही म्हणाली असतीस तरी चाललं असतं. दोन्हीकडून माझं तेच होतं."

"म्हणून तर हो म्हटलं," काकू म्हणाल्या. "निदान रविवारी तुम्हाला यायला गाडी तरी राहिली. आता रडवू नकोस, चढ."

ते तिघं नव्या वेळेच्या बसनं गेले. दुकानदारानं उठून सुनेला जागा दिली, आणखी कुणी पोरीला मांडीवर घेतलं, आणि सगळ्यांचे चेहरे असे, जणू त्यांनीच तिघांना गावाबाहेर काढलं. काकूंना ते चेहरे बघवेनात. त्यांनी खिडकी लावून घेतली आणि जाऊबाईंच्या गाऊनची शिवण उसवायला घेतली. ती सोडून चुकून भलतीच उसवली.

थोड्या वेळानं मास्तर आले. दारात उभे राहून चुळबुळ करत राहिले. शाळेतलं एक पोर कमी झालं, याचं दुःख करायला आले असतील असं काकूंना वाटलं. मास्तर फळ्यासमोर सोडून कुठेही नीट बोलायचे नाहीत.

"मास्तर, काही बोलायचं असेल तर आजच बोला," काकू दात ओठ खात म्हणाल्या. "वर्षानुवर्षं पोटात ठेवून मग एक दिवस ओट्यावर बसून सांगू नका. माझ्यात आता ताकद नाही."

"नाही, तसं काही नाही. पोरीचं पुस्तक शाळेत राहिलं होतं, ते द्यायला आलो."

"एवढंच?"

मास्तर पुस्तक मशीनवर ठेवून वळले. दारापर्यंत गेले. परत आले.

"काकू, रागावणार नसाल तर."

"रागावणार. बोला."

"तुम्ही माझे शर्ट शिवता ना. त्यांच्या बाह्या... म्हणजे सगळ्यांच्याच. पहिल्यापासून. जरा आखूड होतात."

काकूंनी चष्म्यावरून त्यांच्या मनगटांकडे पाहिलं. खरंच, दोन्ही मनगटं चांगली चार बोटं बाहेर आली होती. मास्तर गावात आले तेव्हापासून फळ्यावर लिहिताना बाही वर सरकवतात, ती त्यांची लकब आहे असं सगळं गाव समजत होतं.

"इतकी वर्षं?" काकू म्हणाल्या.

"हो."

"या गावाचं मी काय करू?" त्यांनी गळ्यातली टेप काढली. "हात पुढे करा. सरळ. आणि आता बोललात ते बोललात, कॉलरचं पण काही असेल तर सांगून टाका."

मास्तरांनी हात पुढे केला आणि जरा वेळानं, चाचरत, कॉलरचंही सांगितलं.